शिंदळ माकुडी: कुंडीतली जगली, कड्यावरचीचं काय?

कातळफूल | ८ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझ्या गच्चीवरच्या शिंदळ माकुडीला या श्रावणात एकदम अकरा फुलं आली. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो: नाण्याएवढं, पाच टोकांचं चांदणीसारखं फूल, रंग काळपट लाल, म्हणजे जुन्या पैठणीच्या काठासारखा, त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक लव. खोड मांसल, बोटभर जाडीचं, लोंबणारं. इतकं देखणं झाड आपल्या मातीतलं आहे आणि महाराष्ट्राबाहेर रानात कुठेच उगवत नाही, हे कळल्यापासून मी त्याच्या प्रेमातच पडलोय.

तीन वर्षांपूर्वी एका मित्राने विटेच्या तुकड्यात खोचलेली एक कांडी दिली होती. आज माझ्याकडे बारा कुंड्या आहेत. कांडी तोडा, चार दिवस सावलीत सुकू द्या, भुसभुशीत मातीत खोचा, लागलीच समजा. आता डोक्यात किडा वळवळतोय की हे झाड जर एवढं सहज लागतं, तर ते दुर्मीळ म्हणून रडत का बसायचं? पाऊस संपायच्या आत दहा-बारा कांड्या घेऊन एखाद्या गडाच्या कड्यावर जावं आणि भेगांमध्ये खोचून यावं. दोराची सवय असलेलं कोणी सोबत येईल का? शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड ही नावं पुस्तकांत वाचली आहेत. नेमकी कुठे लावावीत, जाणकारांनी सांगावं.

---

भटकभवानी | ८ सप्टेंबर, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. फोटो टाका की राव, अकरा फुलांचं नुसतं वर्णन काय करताय!

---

मावळची_मिसळ | ८ सप्टेंबर, रात्री ११.२०

माझं आजोळ जुन्नरकडचं. आमच्या आजीला हे झाड पक्कं ठाऊक होतं. शेळ्या चारायला गेलं की ती कोवळी कांडी तोडून मीठ लावून खायची, माकडशिंगी खातात तशी. मला लहानपणी एकदा दिली होती. आंबट-तुरट, नंतर जरा कडवट. माकडशिंगीला पानं नसतात, नुसत्या चौकोनी कांड्या, आणि हिला मात्र पावसाळ्यात हिरवीगार पानं फुटतात. कुळातल्या इतर कोणाला नाहीत आणि हिलाच आली, म्हणून लोकांनी 'शिंदळ' म्हणून नाव ठेवलं असावं, असा आपला माझा तर्क. गावाकडची माणसं नावं ठेवताना भीडभाड ठेवत नाहीत.

आजी जाऊन वीस वर्षं झाली. शेळ्या अजून त्याच कड्याखाली जातात.

---

रानमास्तर | ९ सप्टेंबर, सकाळी ६.५०

कातळफूल, फुलांबद्दल अभिनंदन. कांड्या मात्र कृपा करून गच्चीवरच राहू द्या. सविस्तर लिहितो, रागावू नका. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय, लांबण लावायची खोड जात नाही.

आधी मावळची_मिसळ यांच्या तर्काबद्दल. शास्त्राच्या अंगाने तो अगदी मुद्द्याचा आहे. रुई, माकडशिंगी, खर्तुडी ही सगळी एका मोठ्या घराण्यातली. त्यातल्या माकडशिंगीच्या शाखेत खोड जाडजूड झालं आणि पानं नावापुरती उरली. शिंदळ माकुडीने मात्र खरी, ठसठशीत पानं राखली. म्हणूनच डाल्झेलने १८६० च्या दशकात तिचं वर्णन करताना तिच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच काढली आणि नाव दिलं फ्रेरिया इंडिका. पुढे ती कॅरालुमा या दुसऱ्या प्रजातीत गेली, आता बूसेरोसिया फ्रेराय म्हणतात. नर्सरीवाले आणि छंदिष्ट अजून फ्रेरियाच म्हणतात, म्हणा बापडे.

या पानांची गंमत ऐका. १९७७ साली लांगे आणि झुबर या दोघांनी दाखवून दिलं की या झाडाचं खोड आणि पान वेगवेगळ्या पद्धतीने अन्न तयार करतात. खोड रातपाळीचं. रात्री गारव्यात रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं बंद करून त्याच साठ्यावर काम करायचं. निवडुंगाची युक्ती, पाणी वाचवायची. पानं मात्र भातासारखी, आंब्यासारखी दिवसपाळीची. पाऊस आहे तोवर पाण्याची ददात नाही, तेव्हा पानं लावून भराभर वाढायचं. पाऊस सरला की पानं टाकून द्यायची आणि नुसत्या कांड्यांनी पुढचे सात-आठ महिने तापल्या कातळावर काढायचे. सह्याद्रीचा कडा म्हणजे चार महिने धबधबा आणि आठ महिने तवा. या झाडाने दोन्हींची सोय करून ठेवली आहे.

आता तुमच्या कांड्यांबद्दल.

तुमच्या बारा कुंड्या एकाच कांडीच्या. म्हणजे ती बारा झाडं नव्हेत, एकच झाड बारा ठिकाणी ठेवलंय. ते कड्यावर लावून संख्या वाढते, वाण वाढत नाही. शिवाय मित्राची कांडी मुळात कुठल्या कड्यावरची? शिवनेरीची की सज्जनगडची? की परदेशी छंदिष्टांनी दुसऱ्या जातीशी संकर करून फिरवलेली? ते ठाऊक नसताना ती रानातल्या झाडांच्या शेजारी लावणं म्हणजे जुन्या विहिरीत कुठलंतरी पाणी ओतणं. कुंडीतल्या मातीबरोबर पिठ्या ढेकूण जातो, बुरशी जाते, कुठल्या कुठल्या तणाचं बी जातं. आणि उद्या कोणी मोजणी करायला दोरावरून उतरला तर तुमचं लावलेलं झाड तो रानटी म्हणून मोजेल आणि लिहील, वा, इथे बरी संख्या आहे!

झाड परत रानात लावण्याचं शास्त्र आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने २०१३ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यातला पहिलाच प्रश्न असा की मुळात झाड तिथून गेलं कशामुळे, आणि ते कारण दूर झालंय का? कारण जागेवर असेल तर तुमच्या कांड्याही त्याच वाटेने जाणार.

---

कातळफूल | ९ सप्टेंबर, सकाळी ८.१५

मास्तर, रागावलो नाही, थोडा खट्टू झालो. एकच झाड बारा ठिकाणी, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग बियांपासून रोपं केली तर?

---

रानमास्तर | ९ सप्टेंबर, सकाळी ९.३०

बी धरायला दोन वेगळी झाडं हवीत आणि माशी हवी. यांचे पराग धुळीसारखे सुटे नसतात, मेणचट पुड्या असतात. माशी फुलावर फिरताना पुडी तिच्या पायाला किंवा सोंडेला अडकते आणि पुढच्या फुलाच्या नेमक्या खाचेत बसली तरच काम होतं. जमलं तर शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात, त्या तडकल्या की रुईसारखीच म्हातारी उडते. ती उडून कड्याच्या भेगेत बसायची, तिथे मातीची चिमूट असायची, आणि पहिल्या उन्हाळ्यात रोपाने तग धरायचा. कांडी लावणं सोपं आहे म्हणून झाड सोपं आहे असं नाही.

---

सोनचाफा_७१ | ९ सप्टेंबर, सकाळी ११.००

अवांतर: फ्रेरिया म्हणजे सर बार्टल फ्रियरच ना, १८६२ ते १८६७ मधले मुंबईचे गव्हर्नर? ज्यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, आणि ज्यांच्या नावाने फ्लोरा फाउंटन आधी ओळखलं जाणार होतं? तट पाडणाऱ्या साहेबाच्या नावाचं झाड शिवाजी महाराजांच्या गडांचे कडे धरून बसलंय. नियतीलाही विनोदबुद्धी असते.

---

भटकभवानी | ९ सप्टेंबर, सकाळी ११.०४

😂 मला तर शिंदळ माकुडीच बरं वाटतं. साहेबाचं नाव साहेबाकडे.

---

नाना_नर्सरीवाले | ९ सप्टेंबर, दुपारी २.३०

मास्तरांशी निम्मा सहमत, निम्मा नाही. मी सक्युलंट विकतो, तेव्हा माझं पोट त्यात आहे हे आधीच कबूल करतो. पण एक विचार करा. लोकांना हे झाड हवंच आहे. कुंडीत वाढवलेलं सहज मिळालं नाही, तर ते कड्यावरून येणार. गडावर भेटलेली पोरं पिशवीतून आणतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी जितकी रोपं करून स्वस्तात विकीन तितका कड्यावरचा भार कमी. वाघ पाळून वाघ वाचत नाही हे खरं, पण गुलाबाच्या बागा आहेत म्हणून रानगुलाब कोणी ओरबाडत नाही, हेही खरंच.

घेणाऱ्यांसाठी खूण सांगतो. कुंडीत वाढवलेली कांडी एकसारखी, गुळगुळीत, हिरवी, बुडाला सरळ कापलेली असते. रानातून उपटलेली कांडी वेडीवाकडी, ठिकठिकाणी वाळून परत फुटलेली, करड्या डागांची, कधी दगडफुलाचा पापुद्रा चिकटलेली, मुळं तुटलेली. अशी दिसली तर घेऊ नका आणि विकणाऱ्याला चार शब्द सुनवा. आमच्यातल्याच एकाला मी सुनावले, त्याने मला व्यवसायात सज्जनपणा नडतो असं ऐकवलं. असो.

---

रानमास्तर | ९ सप्टेंबर, दुपारी ४.१०

नाना, तुमच्यासारखे असतील तर माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की नर्सरी ही विक्रीची सोय आहे, तिला संवर्धन म्हणू नये. युरोपात, अमेरिकेत काचघरांमध्ये हे झाड कित्येकांकडे आहे. तिथे ते संपणार नाही. पण जुन्नरच्या कड्यावरचं शेवटचं झुडूप गेलं तर तिथली माशी, तिथला वारा, तिथला उन्हाळा यांच्याशी जुळलेला जो वंश होता तो गेला.

---

दोरखंड | ९ सप्टेंबर, रात्री १०.५०

दोराची सवय असलेलं कोणी, असं विचारलं होतं म्हणून लिहितोय. मी पंधरा वर्षं कडे चढतोय. माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो, आजवर कुठे लिहिली नव्हती.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका गडावर आमच्या ओळखीच्या गटाने स्वच्छता मोहीम काढली. गडाचं नाव सांगत नाही, गटाचंही नाही, कारण माणसं चांगली होती. प्लास्टिक गोळा केलं, पायऱ्यांवरचं गवत काढलं. दुपारी तटाखालच्या कातळावर वाळकी जळमटं लोंबताना दिसली. कुजट करड्या रंगाच्या दोऱ्या, ना पान ना फूल. कोणीतरी म्हणालं, हे मेलेलं झाड कशाला ठेवायचं, फोटोत घाण दिसतं. दोर माझ्याकडे होता. मी उतरलो आणि तासाभरात ती सगळी जागा साफ केली. खाली ढीग केला, इतर कचऱ्याबरोबर पेटवला. ओल्या काड्यांसारखा चरचरला तेव्हाही मला काही कळलं नाही. मेलेलं लाकूड चरचरत नाही.

दोन वर्षांनी एका वनस्पतीवाल्या मित्राने पावसाळ्यातला फोटो दाखवला. हिरवी पानं, लाल फुलं. म्हणाला, या जागेवर पूर्वी होतं, आता दिसत नाही. फोटोतली भेग मी ओळखली. मी त्याच भेगेत पाय रोवून उभा होतो.

मास्तर, तुम्ही लिहिलंत ना, झाड मुळात गेलं कशामुळे? मला विचाराल तर उत्तर असं: ते आठ महिने मेल्यासारखं दिसतं, आणि गडावर जे काही होतं ते नेमकं त्याच आठ महिन्यांत होतं. मोहिमा थंडीत निघतात. शिवजयंती १९ फेब्रुवारीला. वणवे फेब्रुवारी ते मे. दुरुस्तीची कामं पाऊस सरल्यावर. कड्याच्या माथ्यावर चर खणणं, झाडं लावायला खड्डे पाडणं, सगळं उन्हाळ्यात. पावसाळ्यात जेव्हा ते ओळखू येतं तेव्हा कडा निसरडा म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

---

भटकभवानी | ९ सप्टेंबर, रात्री ११.३०

दादा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. दुसरं काय बोलू.

---

तटबंदी | १० सप्टेंबर, सकाळी ७.२०

इथे गडसंवर्धन करणाऱ्यांवर सगळं खापर फुटतंय म्हणून लिहितो. पिंपळ, वड, उंबर यांची मुळं तटाचे दगड कसे उचकटतात ते पाहायला एकदा या. एक बी पडतं, दहा वर्षांत बुरूज फाटतो. ती झाडं काढलीच पाहिजेत, काढत राहणार. शिवनेरी तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक. आता तिथे कामं वाढणार, माणसं वाढणार. एका झुडपासाठी बुरूज ढासळू द्यायचा का?

---

दोरखंड | १० सप्टेंबर, सकाळी ७.५०

भाऊ, पिंपळाबद्दल एका शब्दाचाही वाद नाही, मी स्वतः कापलेत. पण मी जिथे उतरलो तो तट नव्हता, तटाखालचा नैसर्गिक कातळ होता. तिथे काही ढासळत नव्हतं. नुसतं नजरेला बरं दिसावं म्हणून साफ केलं.

---

रानमास्तर | १० सप्टेंबर, सकाळी ८.४०

आणि हे झाड पिंपळासारखं दगडात मूळ घुसवून तो फोडणारं नव्हे. भेगेतल्या चिमूटभर मातीत, गवताच्या ठोंबाला नाहीतर थोराच्या काटेरी झुडपाच्या आडोशाला धरून राहतं आणि जिथे कांडी टेकेल तिथे वरवर मूळ धरतं. तटबंदी, तुमच्या लोकांसाठी साधा नियम: दगड जिथे घडवलेला आहे तिथे तुमचं राज्य, जिथे घडवलेला नाही तिथे विळा म्यान.

---

तटबंदी | १० सप्टेंबर, सकाळी ९.१५

हे पटलं. पण ओळखायचं कसं? माझ्याकडे चाळीस पोरं येतात, त्यांना पिंपळ आणि पांगारा यातला फरक सांगताना माझी दमछाक होते. वाळकी काडी आणि जिवंत काडी कशी सांगू?

---

दोरखंड | १० सप्टेंबर, सकाळी ९.४०

नखाने हलकं खरवडलं की आत हिरवं दिसतं. पण प्रत्येक काडीला नख लावायला लागलात तर तेही वाईटच. त्यापेक्षा मी आता काय करतो ते सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समोरच्या डोंगरावरून किंवा पायवाटेवरून, दोर न लावता, लांब भिंगाच्या कॅमेऱ्याने अख्ख्या कड्याचे फोटो घेतो. हिरवं आणि फुललेलं तेव्हाच दिसतं. त्या फोटोवर खुणा करतो. मग जानेवारीत त्याच जागेवरून परत फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की वाळलेलं रूप कसं दिसतं ते पोरांना एका मिनिटात कळतं. मोहिमेच्या आदल्या रात्री जेवणानंतर दाखवायचं आणि फोटो परत स्वतःकडे ठेवायचा. गटावर टाकायचा नाही.

---

मावळची_मिसळ | १० सप्टेंबर, सकाळी १०.००

गटावर का नाही?

---

पाऊलखुणा | १० सप्टेंबर, दुपारी १२.२५

कारण चोरांचेही गट असतात ताई.

या विषयात जरा बोलते, कारण नोंदींचं काम करते. गडांची नावं कित्येक वर्षांपासून छापील फ्लोरांत, म्हणजे वनस्पतींच्या नोंदींच्या पुस्तकांत आहेत, ती लपवून उपयोग नाही. पण कुठल्या बुरुजाच्या डावीकडे, कितव्या टाक्याच्या वर, हे लिहिलंत की संपलं. लोक रानातल्या नोंदी टाकतात त्या आयनॅचुरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर संकटग्रस्त जातींची जागा आपोआप अंधूक करतात, साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं. तुम्ही मात्र त्याच फोटोखाली 'महादरवाजाच्या वळणावर' असं कौतुकाने लिहिता. मोबाइलच्या मूळ फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात ते वेगळंच. पाठवण्याआधी जागेची माहिती काढून टाका. आणि फोटोत मागे ओळखीचा सुळका आला असेल तर ते सगळं व्यर्थ.

कातळफूल, तुमच्या पहिल्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य, 'नेमकी कुठे लावावीत', याला इथे कोणी जाहीर उत्तर दिलं नाही याबद्दल मंडळींचे आभार.

---

अंजनीसुत | १० सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

मी नाशिकचा. आमच्याकडे अशीच कथा खर्तुडीची. अंजनेरीच्या नावाची खर्तुडी, सेरोपेजिया अंजनेरिका, शास्त्रात नोंदली गेली ती २००६ साली. म्हणजे हनुमानाच्या जन्माची जागा म्हणून पिढ्यानपिढ्या लोक ज्या डोंगरावर चढत होते, तिथल्या झाडाला नाव मिळायला एकविसावं शतक उजाडलं.

खर्तुडीचं फूल पाहिलंय का कोणी? कंदिलासारखं. खाली फुगीर पोट, वर नळी, टोकाला पाकळ्या जुळून छप्पर. बारीक माशी वासाने आत शिरते, नळीत खाली वळलेले केस असतात, आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी पोटात अडकते, धडपडीत परागपुडी अंगाला लावून घेते. मग फूल कोमेजायला लागलं की केस गळतात आणि माशी सुटते, पुढच्या कंदिलात पुन्हा अडकायला. माणसांतही असे नग असतात.

पण तिचं दुखणं उलटं आहे. शिंदळ माकुडी उन्हाळ्यात वर मेल्यासारखी दिसते, खर्तुडी उन्हाळ्यात वर दिसतच नाही. कंद जमिनीखाली. कंद गोडसर, तेव्हा गुराखी खणतात, साळिंदर खणतं, रानडुक्कर खणतं. साळिंदराला कोण समजावणार? माणसाला मात्र समजावता येतं, निदान प्रयत्न करता येतो. आणि तिथेच, कातळावरच्या वीतभर मातीत, लोक मोठ्या उत्साहाने बीजगोळे फेकतात नाहीतर गिरिपुष्प लावतात. उघडं माळरान म्हणजे रिकामी जागा, असा आपला समज. त्या 'रिकाम्या' जागेत सावली पडली की खर्तुडी, सीतेची आसवं, सोनकी, सगळ्यांची पंगत उठते.

---

सोनचाफा_७१ | १० सप्टेंबर, रात्री ८.००

खर्तुडीवर स्वतंत्र धागा काढा हो, पुढील लेखनास शुभेच्छा.

कायद्याचं काय? कोणी काही करत नाही का?

---

पाऊलखुणा | १० सप्टेंबर, रात्री ९.२०

कायदा आहे. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही तोडून नेणं १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा. निर्यातीला मनाई असलेल्या रानवनस्पतींच्या २९ नावांच्या यादीत फ्रेरियाही आहे आणि सगळ्या खर्तुड्याही. त्यामुळे परदेशातल्या कोणी टपालाने कांड्या मागितल्या तर हौसेने पाठवू नका.

पण पिशवीत घातलेली चार बोटांची कांडी कुठल्या नाक्यावर सापडणार? मला जास्त आशा २००२ च्या जैवविविधता कायद्यातल्या एका साध्या तरतुदीची वाटते. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती कोणीतरी कंत्राटावर भरलेली, चार गावांना एकच यादी. गडाखालच्या गावाच्या नोंदवहीत हे झाड आलं, गुराख्यांनी सांगितलेल्या नावानिशी आलं, तर उद्या कड्यावर काही काम निघालं की गावाला बोलायला एक कागद हातात राहील. मावळची_मिसळ, तुमच्या आजीला जे माहीत होतं ते त्या वहीत आहे का, एवढं बघाल का?

---

मावळची_मिसळ | ११ सप्टेंबर, सकाळी ७.०५

मामा सदस्य होता एकदा. विचारते.

---

कातळफूल | १४ सप्टेंबर, रात्री १०.१५

मंडळी, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काल दोरखंड यांच्याशी फोनवर बोललो, येत्या रविवारी त्यांच्यासोबत जातोय, कांड्या न घेता. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, मी पाठीवर तिपाई वाहणार. तटबंदी यांनीही त्यांच्या दोन पोरांना पाठवतो म्हटलंय.

बारा कुंड्यांपैकी आठ वाटून टाकल्या. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी लावली: 'मूळ ठिकाण अज्ञात. गच्चीसाठी. रानात लावू नये.' बायको म्हणाली, औषधाच्या बाटलीसारखं दिसतंय.

---

मावळची_मिसळ | २ ऑक्टोबर, दुपारी १.४०

मामाकडे जाऊन आले. नोंदवही सापडली, पंचायतीच्या कपाटात, प्लास्टिकच्या आवरणातच. त्यात आंबा, जांभूळ, करवंद, निलगिरी (!) आहे. माकुडी नाही, माकडशिंगीही नाही. पण मामाने दोन म्हाताऱ्या गुराख्यांना बोलावलं. एकाने नाव ऐकताच हसून विचारलं, पोरी, तुला हे नाव कोणी सांगितलं? दुसऱ्याने हाताने दाखवलं, कड्याच्या कोणत्या अंगाला पूर्वी होतं आणि आता कोणत्या अंगाला उरलंय. शेळ्या पोचतात तिथवर नाही, त्याच्या वर आहे. ग्रामसेवकांनी अर्ज द्यायला सांगितलंय. दिलाय. पोचपावती घेतलीये, पाऊलखुणा यांनी बजावलं होतं म्हणून.

---

भटकभवानी | ११ जानेवारी, सकाळी ९.१०

धागा वर काढतेय. कातळफूल दादांनी दिलेल्या कुंडीची सगळी पानं पिवळी पडून गळाली. नुसत्या सुरकुतलेल्या दोऱ्या उरल्यात. मी रोज पाणी घालतेय तरी! सासूबाई म्हणतात, मेलं ते, टाकून दे आणि कुंडीत पुदिना लाव. मेलं का?

---

कातळफूल | ११ जानेवारी, सकाळी ९.१३

नाही!! पाणी ताबडतोब बंद करा. कुंडी उन्हात, कोरडी, आणि सासूबाईंपासून लांब ठेवा.

---

दोरखंड | ११ जानेवारी, सकाळी ९.३०

एक फोटो मात्र काढून ठेवा. पुढच्या मोहिमेच्या आदल्या रात्री पोरांना दाखवायला तो उपयोगी पडेल.